ठेंगरे गुरुजींची अमेरिका

ठेंगरे गुरुजींचं नाव निघालं की आमच्याकडची माणसं अजून हात जोडतात. "देवमाणूस होता बाप्पा!" म्हणतात. मी म्हणतो, हात खाली घ्या अन् आधी माझं ऐका. मग आतून बायको डोळे वटारते. तिचंही बरोबर आहे. आमचा थोरला गोवराने फणफणला होता तेव्हा हाच माणूस शाळा बुडवून त्याच्या उशाशी बसला होता. आता अशा माणसावर राग धरायचा तरी कसा? मी धरला आहे. इतकी वर्षं झाली, सुटत नाही.

गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव होतं आणि जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. मी गणिताचा मास्तर, नोकरीच्या मागं नागपूरहून तिकडे गेलेलो. ठेंगरे इतिहासाचे, आरमोरीकडचे. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी, मधे कुडाची भिंत. त्यांनी कांदा चिरला की आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, पुन्हा लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतः करायचे आणि झकास करायचे. सांबार घातलेली वांग्याची भाजी झाली की वाटी आमच्याकडे यायचीच. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

माणूस दिसायला काहीच नाही. बुटका, वाळका, धोतर पोटरीपर्यंत खोचलेलं. बारा महिने काखेत छत्री, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला तर भिजायचे आणि वर्गात त्याच छत्रीच्या टोकाने नकाशा दाखवायचे. पोरांना "राजेहो" म्हणायचे. हेडमास्तरांनाही एकदा म्हणाले, तेव्हा हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. गुरुजींना ते कळलंच नाही.

त्यांची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. कोणी काही नवं सापडलं, नवं घेतलं, नवं वसवलं म्हणून सांगू लागला की हे मान तिरकी करून विचारायचे, "अन् तिथी आधी कोन राहत होतं?" आम्ही ती खोली घेतली त्या दिवशी सामान उतरवता उतरवता बायकोला हाच प्रश्न. तिला वाटलं, खोलीत कोणी मेलं-बिलं की काय! ती आठ दिवस धड जेवली नाही. शेवटी कळलं की आधी एक पोस्टमन राहत होता आणि त्याची चांद्याला बदली झाली.

पण हा प्रश्न खरा पेटायचा तो अमेरिकेच्या धड्यात. गोऱ्यांनी पश्चिमेकडे सरकत सरकत अख्खा खंड कसा व्यापला, त्याचा धडा वरच्या वर्गाला होता. पुस्तकात होती चार पानं, पण गुरुजी त्यावर पंधरवडा घालवायचे. त्या गोऱ्यांनी एक कल्पना काढली होती. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंतची सगळी भुई देवानंच आपल्यासाठी राखून ठेवली आहे, आपण तिकडे पसरायचं हे आपलं विधिलिखित आहे, त्यात कोणाचा दोष नाही आणि ते कोणाला थांबवता यायचं नाही. गुरुजी हे वाचून दाखवायचे, पुस्तक मिटायचे आणि वर्गभर फिरत विचारायचे, "देवानं कवा सांगतलं राजेहो? कोनाच्या कानात सांगतलं? बाकीच्याइच्या कानात काऊन नाई सांगतलं?"

एके वर्षी त्यांनी बाकांचा प्रयोग केला. पुढच्या बाकांवरच्या पोरांना सांगितलं, मागे सरका. जागा नसेल तर मागच्याला ढकला. देवानं तुम्हाला सांगितलंय. पोरांना काय, आयतीच मस्ती! पुढची मागे सरकली, मधली आणखी मागे, आणि मागची पोरं दारातून पडवीत, पडवीतून थेट अंगणात. मी शेजारच्या वर्गात समीकरणं शिकवत होतो. गलका ऐकून बाहेर आलो तर ही पोरं उन्हात उभी आणि दारात गुरुजी.

"कसं वाटते बे?" गुरुजींनी बाहेरच्यांना विचारलं.

"गुर्जी, पाय पोळून राह्यले."

मग आत वळून त्यांनी बाकांवर पसरलेल्यांना विचारलं, "अन् तुमाले काऊन वाईट नाई वाटत?"

एक धिटुकलं पोरगं उठून म्हणालं, "आमाले तुमीच तं सांगतलं सरकाले!"

गुरुजी टाळी वाजवून हसले. "हेच! बरोब्बर हेच! लिहून घ्या." मी तेव्हा मनात म्हटलं, असा मास्तर मला लहानपणी मिळायला पाहिजे होता. असूया वाटली मला त्यांची, खोटं कशाला बोलू.

या सगळ्याच्या मागे एक गाव होतं, इरुकटोला. एटापल्लीच्या वाटेवर, जंगलात आत. पहिल्या निवडणुकीच्या कामावर गेलेले गुरुजी तिथं हिवतापाने पडले, आणि चैतू नावाच्या गोंड शेतकऱ्यानं त्यांना घरी नेलं. चैतूच्या म्हाताऱ्या आईनं पेज पाजून पाजून त्यांना उभं केलं. तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजी तिथं. त्यांची बोली शिकले, चांगली शिकले. म्हातारीला ते "याया" म्हणायचे, म्हणजे आई. सदा एकच नाव असायचं त्यांच्या तोंडी, चैतू असं म्हणाला, चैतूनं तसं केलं.

एका मार्चमध्ये मलाही घेऊन गेले. मोहफुलांचे दिवस. जंगलात शिरलो तर मला सगळं सारखंच दिसत होतं. झाडं आणि झाडं. चैतू पुढे चालत होता. उंच, अबोल माणूस, खांद्यावर कुऱ्हाड. एका मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. पुढे दुसऱ्या झाडाखाली सडा पडलेला, पण तिथं कोणी नाही. मी आपला चार फुलं उचलायला वाकलो.

"मास्तर, नका!" गुरुजी ओरडले. "ते चैतूच्या बहिनीचं झाड होये."

मग त्यांनी मला सांगितलं. तिथला एकेक मोह एकेका घरचा. खूण नाही, कुंपण नाही, पण सगळ्या गावाला ठाऊक. बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिला ते झाड दिलं होतं. दर साली फुलं पडायला लागली की ती पोरंबाळं घेऊन येते. ती येईपर्यंत तिथल्या फुलांना कोणी हात लावत नाही, कुजली तरी. आणि पलीकडची मोकळी उतरण? तिथं नुसतं गवत-झुडपं माजलेली. ती चैतूच्या काकाची. कसून झाली, आता काही वर्षं निजलेली. भुई दमते, तिला निजू द्यायचं असतं. तोवर दुसरीकडे कसायचं आणि मग पुन्हा इथं यायचं.

"अन् हे माहं," गुरुजी एका झाडाला हात लावून म्हणाले. यायानं मरण्याआधी त्यांना दिलं होतं. सांगून होईपर्यंत त्यांनी झाडावरचा हात काढला नाही.

त्या वर्षीपासून अमेरिकेच्या धड्याच्या शेवटी गुरुजी चैतूचं एक बोलणं सांगू लागले. आधी त्याच्या बोलीत, मग मराठीत. "भुई कोनाचीच नाई. ते डोंगरावरच्या पेनाची, मंजे देवाची. आमी दर वेळी त्याले इचारून कसतो, कसून झाली का निजू देतो. पन झाडं आमची, एकेकाची, अन् निजलेली भुई ज्याची त्याची वाट पाहते." पोरांना पाठ झालं होतं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही झालं होतं. गुरुजी म्हणायचे, त्या गोऱ्यांनी यातला पहिला तुकडा ऐकला आणि घोडे हाणले.

मग एका पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला. आरमोरीकडच्या गुरुजींच्या भावांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, कमरेएवढी वाळू येऊन बसली. वाळूत धान होतं का कधी? दोघं भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं, सगळी गुरुजींच्या त्या एका खोलीत आली. लहान पोरं भाताच्या पेजेवर राहत होती. आम्हीही होईल ते देत होतो. गुरुजी चुलीपासून हद्दपार झाले, वाटी यायची बंद झाली. बिचारे पडवीत बसून वह्या तपासायचे. तोपर्यंत मला त्यांची फक्त कणव येत होती.

त्याच सुमारास सरकारची माणसं वसाहतीची बोलणी करू लागली. धान्य जास्त पिकलं पाहिजे, जंगलात पडीक जमीन पुष्कळ आहे, पूरग्रस्तांना तिथं बसवू. कुठे? तर एटापल्लीच्या वाटेवर, इरुकटोल्याच्या उतरणीवर. मी धावत गुरुजींकडे गेलो. म्हटलं, "ऐकलंत?"

"आयकलं," म्हणाले. आणि पुढची वही उघडली.

त्या हिवाळ्यात अमेरिकेचा धडा दोन दिवसांत उरकला. मी भिंतीला कान लावून होतो. "ते गोरेबी उपाशीच होते रे," गुरुजी सांगत होते. "छपराच्या गाड्यांत बायका-लेकरं घालून निंगाले. सगळेच काई वाईट नोते." एका पोरानं उठून विचारलं, "गुर्जी, अन् तिथी आधी कोन राहत होतं?" वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "बस खाली." मी तेव्हाच चरकलो. पण मी म्हटलं, दमलाय माणूस.

जमीन पाहायला वसाहतीचे साहेब येणार होते. तिथली बोली येणारं कोणीतरी हवं म्हणून गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी मला म्हटलं, चला सोबत. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आता बघा साहेबाची कशी जिरते!

इरुकटोल्याची माणसंही खूश होती. आपला गुरुजी आलाय म्हटल्यावर काळजी कसली? गावाबाहेर देवाच्या झाडाखाली बसले सगळे. बोलणं सुरू होण्याआधी चैतूनं पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेतली, थोडी भुईवर सांडली आणि द्रोण गुरुजींच्या हातात दिला. तिथली रीतच तशी. गावाचं बोलणं आता गुरुजींच्या हाती. गुरुजींनी द्रोण घेतला. दारूला कधी न शिवणारा माणूस, त्यानं तो तोंडाला लावला.

साहेब तरुण होता, वाईट नव्हता. घाईत होता इतकंच. त्यानं छडीनं उतरणीकडे दाखवून विचारलं, "ही जमीन कोणाची?"

चैतू उभा राहिला आणि त्यांच्या बोलीत बोलला. सावकाश, बराच वेळ. त्या बोलीतले दहा शब्दही मला कळत नव्हते, पण हे बोलणं मला कळलं. सूर पाठ होता मला. पेन आला, झाडं आली, निजलेली भुई आली.  मी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी उठले, छत्री काखेत धरली आणि म्हणाले, "ते म्हनते, भुई कोनाचीच नाई."

आणि खाली बसले.

मी वाट पाहिली. साहेबानंही पाहिली, म्हणाला, "एवढंच?" गुरुजी भुईकडे पाहत होते. त्यांनी होकाराची मान डोलावली. चैतू गुरुजींकडे पाहत उभा. गावातलं एक माणूस बोललं नाही. मीच शेवटी उठून म्हटलं, "साहेब, अजून आहे. झाडं त्यांची आहेत..." साहेब म्हणाला, "तुम्हाला येते का ही भाषा?" मी म्हटलं, नाही. "मग बसा," म्हणाला. झालं! इतकं सोपं असतं हे.

परतताना साहेबाची जीप नाल्याच्या चिखलात रुतली. सगळे ढकलायला लागले, आम्ही दोघं काठावर. मला राग आवरेना.

"अर्धंच का सांगितलं?" मी विचारलं.

"साहेबाले गोष्ट नाई लागत मास्तर, उत्तर लागते."

"त्यांनी तुम्हाला मरणातून उठवलं हो! काही वाटलं नाही?"

"वाटलं ना." त्यांचे डोळे भरले होते, हे मी कबूल करतो. "पन माह्या भावाची लेकरं पाहून राह्यले ना तुमी? जंगल केवढं मोठं हाय. चैतू दोन डोंगर पलीकडं जाईन. तो जाऊ शकते, आमी कुठी जावाचं? अन् मी पुरं सांगतलं असतं तरी हे होनारच होतं. भुई नांगरवाल्याकडंच जाते. हे ठरलेलंच हाय."

"कोणी ठरवलं?" मी ओरडलो. "देवानं? कोणाच्या कानात सांगितलं?"

 त्यांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाले, "वर्गातलं वर्गात ठेवा, मास्तर." जीप निघाली. आम्ही बसलो. 

पुढच्या साली राज्य बदललं, आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि माझी बदली राजुऱ्याला झाली. गुरुजींनी नोकरी सोडून वसाहतीत भावांबरोबर जमीन घेतल्याचं कळलं. पत्रं यायची, मी उत्तर देत नसे. पण पुतणीच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा बायको म्हणाली, "त्या माणसानं आपल्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं. जाऊन या." गेलो.

उतरण ओळखूच येईना. सगळीकडे बांध्या, बांध घातलेल्या, धान उभं, आणि मधे कौलारू घरं. वाटेवर पाटी होती, नवी आरमोरी. गुरुजी पळतच आले, मला मिठी मारली. अंग भरलं होतं, रंग उजळला होता. माणूस सुखात होता हो! मला वाटलं होतं, कुठेतरी खंत दिसेल. त्यांनी मला सगळं हिंडवलं, पडवीत भरवलेली शाळा दाखवली, विहीर दाखवली. बांधावर एकच मोह उभा होता. "यायाचं झाड. हे मी तोडू नाई देल्लं," म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी शाबासकी द्यावी. बहिणीच्या झाडाच्या जागी भावाचा गोठा होता.

आम्ही अंगणात बसलो होतो तेवढ्यात चैतू आला. डोक्यावर टोपली. म्हातारा दिसत होता. त्याचं गाव आता दोन डोंगर पलीकडे गेलं होतं, गुरुजी म्हणाले होते तिथंच. त्यानं वाळवलेल्या मोहफुलांचा एक द्रोण गुरुजींपुढे ठेवला आणि उकिडवा बसला.

"हा दर साली येते," गुरुजी मला कौतुकानं म्हणाले. "माया हाय पाहा याची." मग त्याच्याकडे वळून बोलत राहिले. बायकोचं विचारलं, शेळ्यांचं विचारलं, पायाला तेल लाव म्हणाले. चैतू हूं हूं करत होता आणि गुरुजींच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मंडपातून कोणी हाक मारली तसे गुरुजी उठून गेले. चैतूही उठला. मला राहवेना. मी त्याच्यासोबत बांधावरून निघालो.

थोडं गेल्यावर, कळेल तेवढं कळेल म्हणून, मराठीतच म्हटलं, "चैतू, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी गुरुजींनी साहेबाला तुझं बोलणं पुरतं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं."

"मले मालूम हाय," चैतू मराठीत म्हणाला. "मले समजते ना मराठी. हिरडा इकाले आरमोरीच्या बाजारात जिंदगी गेली माही."

मी उभाच राहिलो. "मग तू बोलला का नाहीस रे? तिथंच का नाही सांगितलंस?"

"कसा बोलू? द्रोन त्याच्या हाती देल्ला होता आमी. ज्याच्या हाती बोलनं देल्लं त्याचं पुरं झाल्याबिगर गावातल्यानं तोंड उघडाचं नाई. देवाच्या झाडाखाली होतो आमी, मास्तर." तो थांबला. "मले वाटलं, दम खाऊन राह्यला. पुढचं सांगन. त्याले सारं येत होतं ना. माह्या मायनं शिकवलं होतं त्याले."

"आणि आता कशाला येतोस इथं? फुलं कशाला आणतोस त्याला?"

चैतूनं टोपली खाली ठेवली. "बाकी राह्यलं हाय त्याच्याकडं. अधुरं ठेवून मेला तं त्याले बी सुख नाई, आमाले बी नाई. म्हनून येतो. बसतो समोर. सांगन कधी तरी."

मागून हाक आली. गुरुजी धोतर सावरत धापा टाकत आले, हातात लग्नातल्या बुंदीचा पुडा. "मास्तर, बाईंसाठी! विसरून निंगाले ना?" पुडा माझ्या हातात कोंबला. मग आमच्या दोघांच्या मधे उभे राहून एकदा माझ्याकडे, एकदा चैतूकडे पाहिलं. चैतू त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला होता, अगदी तसाच, वाट पाहत. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मावळलं. ओठ हलले. 

"काऊन बाप्पा गप्प झाले दोघंबी?" ते म्हणाले. "बरं, मी जातो. पंगत बसून राह्यली." आणि बांधावरून मंडपाकडे निघून गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, पाठमोरं.

चैतू ते मंडपात शिरेपर्यंत पाहत होता. मग वाकून त्यानं टोपली उचलली.

"आज बी नाई," म्हणाला, आणि डोंगराकडे चालू लागला.